‘माझी मैना’ : एका छक्कडीचा इतिहास आणि तिचा शेवट

जुन्या लावणीच्या अखेरच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफीत असे. या नाममुद्रेमुळे रचना कोणाची हे श्रोत्यास कळे, आणि दुसऱ्या फडाला ती आपली म्हणून मिरविणे अवघड जाई. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड याच परंपरेतून आलेली असली तरी तिच्या शेवटी बोलतो तो ‘शाहीर’. त्याला स्वतःच्या नावापेक्षा आपल्या कामाची ओळख अधिक महत्त्वाची वाटते. असे असूनही ही संपूर्ण रचनाच कालांतराने तिच्या कर्त्याची मुद्रा होऊन बसली. तीस-पस्तीस कादंबऱ्या, कथांचे अनेक संग्रह, पोवाडे, लोकनाट्ये आणि एक प्रवासवर्णन एवढा व्याप ज्याच्या नावावर आहे त्या लेखकाची आठवण सर्वसामान्य श्रोता काढतो ती बहुधा या एका गाण्याने. ‘फकिरा’ वाचलेला वाचक आणि ‘मैना’ ऐकलेला श्रोता यांची संख्या ताडून पाहण्याचे साधन नाही. पण दुसऱ्याचे पारडे जड असणार याविषयी फारसे दुमत होऊ नये.

अशा कीर्तीची किंमत त्या गाण्याला मोजावी लागते. जे गाणे सर्वांना ठाऊक असते त्याचा शेवट फार थोड्यांना ठाऊक असतो. ‘माझी मैना’ म्हटले की गावी राहिलेली रूपवती पत्नी आणि तिच्यासाठी तळमळणारा पती एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. पुढे हेच गाणे मुंबईच्या रस्त्यावर, तेथून संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात आणि शेवटी सीमाप्रश्नात जाऊन पोहोचते, हे अनेकांना आठवत नाही. ज्यांना आठवते त्यांच्यापैकी काहींना तो भाग शृंगाराला जोडलेले राजकीय ठिगळ वाटतो. हा आक्षेप वरवरचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तो खरा असेल तर ‘माझी मैना’ ही एक उत्तम लावणी आणि एक सामान्य प्रचारगीत यांची बेरीज ठरते. तो खोटा असेल तर गाण्याचा पूर्वार्ध तेवढा वेगळा काढून वाचणे ही रचनेची मोडतोड होय.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे झाला. पठ्ठे बापूराव यांचे रेठरे हरणाक्षही याच तालुक्यातले. तेव्हा लावणीचा वारसा अण्णाभाऊंना जवळच्या वाटेनेच मिळाला म्हणावयाचा. मुंबईत गिरणीकामगाराचे जिणे जगत असताना ते कम्युनिस्ट चळवळीत आले आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशातील गण, गौळण व बतावणी यांची सामग्री त्यांनी कामगारांच्या सभेसाठी नव्याने घडविली. गणात गणपतीच्या जागी श्रमिकाला व मातृभूमीला वंदन आले, गौळण गळाली आणि वगाचे लोकनाट्य झाले. ‘माझी मैना’ घराघरांत पोहोचली ती प्रामुख्याने अमर शेखांच्या आवाजात. लेखक एक आणि गाण्याला कंठ दुसऱ्याचा, हा प्रकार शाहिरीत अपूर्व नाही. परंतु येथे त्याचा एक परिणाम झाला, तो पाठभेदाच्या संदर्भात पुढे येईल.

रचनेचे चार खंड सहज दिसतात. पहिल्यात मैनेचे रूप आणि गुण, दुसऱ्यात पहाटेचा निरोप, तिसऱ्यात मुंबई आणि चौथ्यात चळवळ. या चारही खंडांना बांधून ठेवणारा धागा कथानकाचा नाही, तो व्याकरणाचा आहे. छक्कडीतील बहुतेक प्रत्येक तुकडा षष्ठीच्या ‘ची’ या प्रत्ययावर येऊन थांबतो. तमाशातील द्रुत लयीच्या रचनेला असे एकाक्षरी यमक सोयीचे असते, ढोलकीला टाळी मिळते, हे तर खरेच. परंतु केवळ सोय म्हणून स्वीकारलेले यमक एवढ्या लांब रचनेत कंटाळवाणे झाले असते. येथे तसे होत नाही, कारण षष्ठीचा अर्थ खंडागणिक पालटत जातो.

पहिल्या खंडातील षष्ठी गुणवाचक आहे. सोन्याची पुतळी, चंद्राची कोर या धर्तीच्या उपमा लावणीच्या ठेवणीतल्याच. त्यांत नावीन्य शोधू नये. मात्र या रत्नजडित मालिकेच्या अखेरीस अंधाला असावा तसा काठीचा आधार येतो आणि त्याबरोबर बोलणाऱ्याची गरिबीही येते. येथे षष्ठी प्रथमच ‘कशाची’ हे सोडून ‘कोणाची’ हे सांगू लागते. मैना गरिबाची आहे. जुन्या लावणीतील नायिकेचा पती मोहिमेवर गेलेला असे आणि विरह बोलत असे ती. येथे विरह पुरुषाच्या तोंडी आहे. एवढ्यावरून ‘मेघदूता’ची आठवण येणे स्वाभाविक आहे, तेथेही दूर पडलेला पुरुष पत्नीचे रूप आळवितो. पण यक्षाच्या शापाला एका वर्षाची मुदत होती. दारिद्र्याच्या शापाला अशी मुदत नसते, आणि छक्कडीत परतण्याचा दिवस कोठेही सांगितलेला नाही.

दुसरा खंड हा या रचनेतील सर्वांत सरस भाग होय. पहाट, बांधून घेतलेली भाकरी, गावदरीपर्यंत पोचवावयास आलेली पत्नी. तिला हसविण्यासाठी पती पत्रांची आणि दागिन्यांची आश्वासने देतो. तोडे, साज, माळा, नथ अशी यादी वाढत जाते. या यादीत दागिन्यांचे तपशील इतके नेमके आहेत की सोनाराच्या दुकानापुढे उभे राहून काढलेली ती टाचणे वाटावीत. पण येथील षष्ठी ही न मिळालेल्या वस्तूंची आहे. जे आपले नाही ते तो देऊ करीत आहे, आणि मैनेला हे कळते. ती हसत नाही. हात उंचावून उभी राहते, एवढेच. यादी जितकी लांबते तितका तिचा मौनाचा भार वाढत जातो. अण्णाभाऊंच्या कथांत भावनेचा आवेग अनेकदा अनावर होतो. येथे त्यांनी जो संयम पाळला आहे तो त्यांच्या गद्यातही क्वचित आढळतो.

तिसऱ्या खंडात मुंबई येते. हेही वर्णन याद्यांचेच आहे : यंत्र आणि तंत्र, परदेशी मोटार, तलम साड्या, माडीवर चढलेली माडी, आणि या सगळ्याखाली बेकारांची गर्दी. पठ्ठे बापूरावांनी मुंबईची लावणी रचली, तीत शहराच्या ऐश्वर्याविषयीचे कुतूहल आहे. अण्णाभाऊंनीही ‘मुंबईची लावणी’ रचली, तीत त्याच ऐश्वर्याची दुसरी बाजू आहे. ‘माझी मैना’तील मुंबई ही त्या दुसऱ्या लावणीची संक्षिप्त आवृत्ती म्हणता येईल. पण येथे तिला एक विलक्षण तपशील लाभला आहे. ज्याने पत्नीला सोन्याने मढविण्याचा शब्द दिला तो मुंबईच्या पावसात उभा आहे आणि त्याच्याजवळ एक छत्रीसुद्धा नाही. दागिन्यांपासून छत्रीपर्यंत झालेली ही उतरण श्रोत्याला कोणी समजावून सांगत नाही, ती यादीच सांगते. षष्ठीचा प्रश्न आता उघडा पडतो. हे सारे आहे, पण आहे कोणाचे? अण्णाभाऊंच्या एका लोकनाट्याचे नाव ‘माझी मुंबई’ आहे आणि ‘मुंबई कुणाची?’ या नावानेही ते ओळखले जाते. ‘माझी मैना’ व ‘माझी मुंबई’ या दोन शीर्षकांतील ‘माझी’ एकच आहे. दोन्हीकडे ते स्वामित्व उच्चारले जाते ते हिरावले गेल्यानंतर.

असे पाहिले म्हणजे चौथा खंड बाहेरून आणून जोडल्यासारखा वाटत नाही. ज्या सुमारास हा माणूस पोटामागे धावत आहे त्याच सुमारास चळवळ उठते. आंदोलनाचे वर्णन झाल्यावर शाहीर पुन्हा मैनेकडे वळतो आणि सांगतो की, जी गत आपली तीच खंडित महाराष्ट्राची. घरचे माणूस दूर राहिले तसे काही प्रदेशही दूर राहिले व त्यांवर मालकी दुसऱ्यांची झाली. येथे एक खुलासा आवश्यक आहे. मैना म्हणजे महाराष्ट्र, किंवा मैना म्हणजे मुंबई, असा सरळ रूपकाचा अर्थ पुष्कळदा लावला जातो. शब्दांना तो मान्य नाही. शाहीर मैनेला महाराष्ट्र म्हणत नाही. दोघांची अवस्था सारखी आहे असे तो म्हणतो. रूपकात उपमेय उपमानात विरून जाते. उपमेत दोन्ही शिल्लक राहतात. मैना अखेरपर्यंत एका गरिबाची बायकोच राहते, तिची देवता होत नाही, यातच रचनेचा प्रामाणिकपणा आहे.

षष्ठीइतकेच महत्त्व ध्रुपदातील ‘राहिली’ या क्रियापदाला आहे. आरंभी मैना गावी राहिली, म्हणजे मागे उरली. निरोपाच्या शेवटी ती हात उंचावून उभी राहिली. आणि अगदी अखेरीस, शाहीर मागे न हटण्याची विनवणी करतो तेव्हा, राहिली आहे ती आघाडीवरची चढाई, म्हणजे ती करावयाची बाकी आहे. एकच क्रियापद विरहाकडून धीराकडे आणि धीराकडून अपुऱ्या कामाकडे जाते. शेवटचा खंड वगळला तर ही तिसरी छटा नाहीशी होते आणि ध्रुपद प्रत्येक वेळी तेच दुःख उगाळीत बसते. ठिगळाच्या आक्षेपाला यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

आता या खंडाचा काळ. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या सप्टेंबरअखेर सादर झाला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा रक्त सांडले. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य आले, १ मे १९६० ला महाराष्ट्र. छक्कडीचे मूळ या आंदोलनाच्या ऐन भरातले, हे तिच्या तापावरूनच कळते. परंतु शेवटी दुसऱ्यांच्या मालकीत गेलेल्या मुलखाची जी नावे येतात त्यांत बेळगाव व कारवार यांच्याबरोबर डांग आणि उंबरगावही आहेत. बेळगाव आणि कारवार १९५६ साली म्हैसूर राज्यात गेले. डांग व उंबरगाव मात्र द्वैभाषिकात मुंबई राज्यातच होते. ते गेले १९६० साली, गुजरातच्या वाट्याला. तेथेच खंडणीचाही उल्लेख येतो. नव्या गुजरातची तूट आणि राजधानी यांसाठी महाराष्ट्राने रकमा द्याव्यात असे विभाजनाच्या वेळी ठरले होते. या उल्लेखाचा रोख त्याकडेच असावा. तात्पर्य, आज जो शेवट गायिला व छापला जातो तो द्वैभाषिक मोडण्याचा निर्णय दृष्टिपथात आल्यानंतरचा, म्हणजे १९५९–६० च्या आगेमागेचा मानावा लागतो. गाणे एका बैठकीत पुरे झाले नाही. ते चळवळीबरोबर चालत गेले आणि चळवळीचा हिशेब जसा बदलला तसा त्याचा शेवट बदलला. शाहिरी रचनेच्या बाबतीत ‘मूळ संहिता’ हा शब्द किती जपून वापरला पाहिजे हे यावरून ध्यानात यावे.

या यादीतील अनुपस्थित नावेही बोलकी आहेत, आणि ती ऐकू येतात मराठवाड्यातून. आज जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यात असलेले टेंभुर्णी हे गाव घ्यावे. (सोलापूर जिल्ह्यातील याच नावाच्या मोठ्या गावाशी त्याची गल्लत होऊ नये.) ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत टेंभुर्णी हैदराबाद राज्यात होते, आणि पूर्वेकडे थोड्याच अंतरावरचा बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात. दोहोंकडे मराठीच बोलली जात होती. सोयरिकी होत होत्या. मध्ये राज्याची सीमा होती. आयोगाची शिफारस अमलात आली असती तर ती सीमा कायमच राहिली असती, कारण आयोगाने मराठवाडा मुंबई राज्यात घालून विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचविले होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ती रेषा पुसली गेली. म्हणून छक्कडीच्या शेवटच्या यादीत मराठवाडा नाही, विदर्भ नाही. ज्यांचा प्रश्न सुटला त्यांची नावे गाण्यातून गळाली. टेंभुर्णीच्या श्रोत्याला हे गाणे आपल्या हरवलेल्या मुलखाचे वाटत नाही. त्याच्या बाजूने ते जिंकलेले आहे. त्याला त्यात आपले काही सापडावयाचे तर ते दुसऱ्या खंडातच, भाकरीच्या गाठोड्यापाशी.

तेथेही एक अडचण आहे, आणि ती छक्कडीच्या मर्यादेवर बोट ठेवते. पुरुषाने मुंबईला जावे आणि बायकोने गावी राहावे ही घाटावरच्या व कोकणातल्या गिरणीकामगाराची रीत होती. मराठवाड्यातील ऊसतोडणीचे स्थलांतर वेगळे आहे. तेथे नवरा-बायको जोडीने जातात आणि त्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. मैना गावावर राहत नाही, तीही फडात उसाच्या मोळ्या वाहते. गावावर राहतात ती म्हातारी माणसे आणि कधी मुले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्याही एकेक करून बंद पडल्या व गाण्यातील मुंबईचा मुख्य आधारच नाहीसा झाला. तेव्हा ‘माझी मैना’ला सार्वकालिक म्हणून गौरविताना थोडे थांबावे हे बरे. तिचे बळ तिच्या काळाशी व विशिष्ट वर्गाशी घट्ट बांधले गेल्यामुळेच आहे.

पाठभेदाकडे वळता एक लहानसा पण महत्त्वाचा भेद दिसतो. ध्रुपदात काही ठिकाणी ‘गावावर’ तर काही ठिकाणी ‘गावाकडं’ असे गायिले व छापले जाते. ‘गावाकडं’ हा शब्द मुंबईत बसून गावाच्या दिशेने पाहणाऱ्याचा आहे. शहरी श्रोत्याला तो सहज वाटतो, म्हणूनच तो रुळला असावा. ‘गावावर’ मध्ये दिशा नाही, स्थान आहे. शिवाय ‘गावावर टाकणे’, ‘गावावर सोडणे’ या प्रयोगांतील हवाल्याची छटाही आहे. मैनेला गावाच्या हवाली करून तो आला. हा दुसरा पाठ अधिक अवघड आणि अधिक अर्थगर्भ आहे, आणि संपादनाच्या नेहमीच्या दंडकाप्रमाणे तोच पसंत करावा लागेल. गाणे गायकांच्या मुखाने पसरले, त्यामुळे सोपा पाठ बळावला, एवढाच याचा अर्थ.

ध्रुपदाने कडवी गिळावीत हा अनुभव केवळ मराठी नव्हे. अमेरिकेतील वुडी गथ्री यांनी १९४० साली ‘धिस लँड इज युअर लँड’ रचले ते एका लोकप्रिय देशभक्तिगीताला उत्तर म्हणून. त्यातील खासगी मालमत्तेवर व मदतीसाठी रांगेत उभ्या असलेल्या भुकेल्यांवर असलेली कडवी शाळाशाळांतून गायिल्या जाणाऱ्या पाठात राहिली नाहीत. रॉक संगीताच्या युगात ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ची गत याहून नाट्यमय झाली. व्हिएतनामहून परतलेल्या व काम न मिळालेल्या सैनिकाचे हे गाणे त्यांनी १९८२ च्या आरंभी घरी एकट्या गिटारीवर ध्वनिमुद्रित केले होते. १९८४ साली ते गर्जणाऱ्या वाद्यमेळासह प्रसिद्ध झाले, ध्रुपद मुठी आवळून म्हटले जाऊ लागले, आणि त्याच वर्षीच्या प्रचारात अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतील सभेत स्प्रिंगस्टीन यांच्या गीतांतील आशेच्या संदेशाचा गौरव केला. पुढे १९९५ नंतरच्या एकल कार्यक्रमांत कवीने ते पुन्हा गिटारीवर, जवळजवळ कुजबुजत म्हटले; कडव्यांना आवाज मिळावा म्हणून ध्रुपदाचा आवाज उतरविला. अण्णाभाऊंना अशी संधी मिळाली नाही. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमर शेखांचेही अपघाती निधन झाले. गाणे इतरांच्या हाती आले. लावणीच्या कार्यक्रमात मैनेचे रूपवर्णन तेवढे गायिले गेले की ते शृंगाराचे होते, महाराष्ट्र दिनी फक्त चळवळीचा भाग म्हटला की ते गौरवगीत होते. दोन्ही वेळी छत्री नसलेला माणूस वगळला जातो.

चौथ्या खंडाच्या बाजूने एवढे म्हटल्यावर त्यातील दोष झाकण्याचे कारण नाही. आंदोलनाच्या वर्णनात शत्रू-मित्रांची विशेषणे दाटीने येतात, आणि दागिन्यांच्या यादीत जो स्पर्श होता तो संगिनींच्या यादीत नाही. तेथे सभेचा वेग आहे, डोळ्यांपुढे माणूस उभा राहत नाही. मैनेशी पुन्हा सांधा जुळतो तेव्हाच रचना जमिनीवर येते. दुसरी उणीव अधिक खोल आहे. मैना एकदाही बोलत नाही. तिचे मौन दुसऱ्या खंडात अर्थपूर्ण आहे; चौथ्या खंडापर्यंत ते पुरविले जाते तेव्हा ती केवळ दूर राहिलेल्या मुलखाच्या तोडीची एक बाजू होते.

तिचे बोलणे शोधावयाचे तर दुसरीकडे जावे लागेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्या बायकांनी दळताना म्हटलेल्या आहेत. त्यांत राघू म्हणजे मुलगा आणि मैना म्हणजे मुलगी. अण्णाभाऊंनी हा शब्द आईच्या तोंडून उचलून नवऱ्याच्या तोंडी घातला. गिरणीत गेलेल्या नवऱ्याविषयी, त्याच्या न आलेल्या पत्राविषयी आणि एकटीने ओढलेल्या संसाराविषयी गावावर राहिलेल्या बाईने काय म्हटले, हे त्या ओव्यांशी छक्कड ताडून पाहिल्याखेरीज सांगता येणार नाही. आणि ते काम अद्याप व्हावयाचे आहे.